त्रेचाळिसावं मिनिट

दुसरा स्क्रू बाळाच्या वाटीत पडला तो 'टिण्ण' आवाज करून, आणि ती जागच्या जागी थिजली. पलंगावर, चार उशांच्या तटबंदीत झोपलेल्या लेकीने ओठ हलवले, स्वप्नातलं दूध दोन घोट प्याली आणि पुन्हा शांत झाली. तिने वाटीत एक मऊ फडकं अंथरलं आणि मगच तिसऱ्या स्क्रूला हात घातला.

टेबलावर आडवं पाडलेलं मशीन लेकीच्या दुप्पट वजनाचं होतं, पण उचलताना कमरेत कळ यायची ती तीच. बाजूचा पत्रा तिने अलगद सरकवून काढला, भिंतीला टेकवला आणि कान-खांद्यात दाबलेल्या फोनमध्ये पुटपुटली, "उघडलं."

"आधी उघड्या पत्र्याला हात लावा. अंगातली वीज तिथे जाऊ दे," पलीकडून उस्ताद म्हणाला. तीन वर्षांपूर्वी हे मशीन त्यानेच जोडून दिलं होतं. अख्खी गल्ली त्याला उस्ताद म्हणायची, आणि नेमका गरजेच्या वेळी तो दोनशे किलोमीटरवर मेहुण्याच्या घरी जाऊन बसला होता. "काय म्हणतो प्रोसेसर?"

"हळू बोला, तुमचा आवाज भिंतीतून जातो. त्याला काही झालेलं नाही. पंचावन्न अंशांच्या वर जात नाही. पंखेही सगळे फिरतायत. आणि तरी बरोबर त्रेचाळिसाव्या मिनिटाला थिजतं. काल तीन वेळा. आधी डिस्क दिसेनाशी होते, मग माऊस, मग सगळंच."

"मग तो नाहीच. ती आहे."

"ती कोण?"

"चिपसेट. हे बघा ताई, प्रोसेसर म्हणजे घरातला कर्ता पुरुष. सगळे त्यालाच वारा घालतात. आणि डिस्कचा निरोप इकडे, माऊसचा निरोप तिकडे, ही सगळी हमाली करते ती खाली कोपऱ्यात बसलेली चिपसेट. तिच्या वाट्याला एक चपटा पत्रा, पंखा नाही की काही नाही. वर ग्राफिक्स कार्ड बसलंय, तिच्या तोंडावर गरम फुंकर सोडत."

"हे तुमच्या बायकोला सांगा."

"तीच मला रोज सांगते." उस्ताद हसला, आणि लेकीची झोप आठवून मध्येच थांबला. "पण ताई, मागे पॅड बदललं होतंत ना? त्या पत्र्याखालचं, चिपची उष्णता पत्र्याला पोचवणारं?"

"मी? नाही."

"दुकानातून गेलं होतं की. चार-सहा महिने झाले. काउंटरवरची पोरगी म्हणाली, तुमच्या घरून कुणीतरी मापासकट विचारत आलं होतं. मला वाटलं, तुम्हीच पाठवलं असेल."

तिने नवऱ्याचा विचार केला आणि लगेच सोडून दिला. तो बल्ब बदलायचा असला तरी दुपारी फोन करून पिनेचा की आट्याचा ते विचारायचा.

"बरं, बघते. ठेवू?"

"ठेवा. आणि स्क्रू आवळताना..."

लेकीने कूस बदलली. तिने फोन बंद केला.

सकाळचे साडेआठ झाले होते. लेक झोपेल जेमतेम तासभर. हिशोब चालायला सलग नऊ तास लागणार होते, आणि तो उद्या दुपारी बारापर्यंत ऑफिसात पोचायचा होता. एका नव्या शस्त्रक्रियागृहातली हवा तिला चालवून दाखवायची होती: छतातून येणारी स्वच्छ हवा टेबलावर कशी उतरते, दिव्यांच्या उष्णतेने कुठे वर चढते, कुठल्या कोपऱ्यात जाऊन अडकते. मधेच साठवून पुढे चालवायची सोय होती, पण डिस्कच गायब होत असल्यावर साठवणार कशात?

रजा संपली त्या दिवशी मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. "हे एक काम घरून वेळेत होऊ दे, मग वर्षभर घरूनच कर. नाही झालं तर एक तारखेपासून इथे यायचं, नऊ ते सहा." मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनीही दोन मुलं वाढवली होती, फक्त ती बाटलीने दूध पिणारी होती. हिची लेक सात महिन्यांची झाली तरी बाटली तोंडाशी आणली की अशी बघायची, जणू कुणी तिची फसवणूक करतंय.

ग्राफिक्स कार्डाचा खटका दाबून तिने ते उचललं आणि पलंगाच्या कडेला, लेकीच्या पायांपासून लांब ठेवलं. खाली उस्तादने सांगितलेला चपटा काळा पत्रा होता, तळहाताच्या निम्म्या आकाराचा, बारीक खाचांचा. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन स्प्रिंगवाले स्क्रू. टॉर्चच्या उजेडात तिला एक गोष्ट चमत्कारिक वाटली. आत धूळ नव्हती. म्हणजे पंख्याच्या पात्यांवर होती, तारांवर होती, पण या पत्र्याच्या आसपास वीतभर जागा अशी स्वच्छ होती, जशी कुणी कापसाने, फुंकर मारत मारत पुसली असावी.

दाराबाहेर पावलं थांबली. तिने मान वर केली नाही. ती पावलं सासऱ्यांची होती, अण्णांची. सासूबाईंची पावलं कधी थांबत नसत, ती सरळ आत येत.

गेले दोन आठवडे हेच चाललं होतं. ती दूध पाजायला उठली, पाणी प्यायला गेली, की अण्णा येऊन मशीनवर तळहात ठेवून उभे. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. आणि मग तेच वाक्य.

"तापलंय गं. बंद कर जरा. विसावा दे त्याला."

पहिल्या दिवशी तिने हसून सोडून दिलं. चौथ्या दिवशी तिला त्या वाक्यात मशीन ऐकू येईनासं झालं. विसावा कुणी घ्यावा असं त्यांना म्हणायचंय, हे न कळायला ती काय लहान होती? रात्री जेवताना ती नवऱ्याला म्हणालीही, "स्पष्ट सांगून टाका म्हणावं एकदा, की नोकरी सोड." नवरा म्हणाला, "अगं, ते असेच आहेत." पावसापासून भाववाढीपर्यंत सगळ्याला तो हेच म्हणायचा. आणि परवा, मशीन थिजलं तेव्हा, अण्णांचा हात पुन्हा वरच्या पत्र्यावर दिसला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, मशीनला विसावा लागत नाही. मला लागला तर मी सांगेन." त्यांनी हात असा उचलला, जणू चटका बसला. त्यानंतर ते खोलीत आले नव्हते. दारापर्यंत यायचे.

पावलं निघून गेली. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "काय हो, येरझाऱ्या घालून फरशी झिजवताय? तिलाही प्लास्टिक लावा मग."

तिला हसू आलं. अण्णांनी बत्तीस वर्षं चष्म्याच्या काचा घासल्या होत्या. कारखान्याचा पहिला नियम त्यांच्या हाडात मुरला होता: तयार काचेवरचा पापुद्रा कारागिराने काढायचा नाही. ज्याची वस्तू, तोच काढेल. तोवर ओरखडा येता कामा नये. निवृत्त झाल्यावर तो नियम घरभर पसरला. रिमोट त्याच्या पिशवीत, फ्रिजच्या दारावर धुरकट झालेला मूळचा पापुद्रा, नातीच्या बाबागाडीच्या दांड्यावर अजून फुगे-फुगे प्लास्टिक. पाहुणे आले की सासूबाईंचं ठरलेलं असायचं. "लग्नात मलाही गुंडाळूनच ठेवणार होते, मीच ओरडले."

आणि दुसरी सवय, ती लाल फुली. काचेचा मध्य धरण्यासाठी कारखान्यात मेणाच्या पेन्सिलीने बारीक फुली करत. अण्णांच्या खिशात ती पेन्सिल अजून असायची. भिंतीत खिळा ठोकायचा, आधी फुली. कलिंगड कापायचं, आधी फुली. या टेबलाच्या वरची फळी त्यांनीच बसवली होती. फळीखाली बारकाईने पाहिलं तर एक लाल फुली अजून दिसायची.

तिने दोन्ही स्क्रू काढले आणि पत्रा हलकेच पिळून उचलला. तो सहज सुटला. नको इतका सहज. असे पत्रे चिकटून बसतात, थोडे रुसतात, मग सुटतात.

खाली चिपवर निळं रबरी पॅड होतं. नवं. आणि त्यावर काहीतरी चकाकलं.

तिने टॉर्च जवळ नेला. पॅडवर पारदर्शक पापुद्रा तसाच होता. काढायला सोपं जावं म्हणून कडेला ठेवलेलं इवलंसं शेपूटही शाबूत. उष्णतेने तो आक्रसला होता, सुरकुतला होता आणि त्याच्या पोटात हवेचा चपटा फुगा धरला होता. खालच्या बाजूचा काढलेला, कारण त्याशिवाय ते चिकटलंच नसतं. वरचा ठेवलेला. अडकलेली हवा. सबंध दिवस ती जे दुसऱ्यांच्या खोल्यांत शोधायची, ते तिच्या स्वतःच्या टेबलावर, बोटभर जागेत, इतके महिने बसून होतं.

"कुणी हा गाढवपणा..." ती पुटपुटली, आणि थांबली.

पापुद्र्याच्या बरोबर मध्यावर एक लाल फुली होती. बारीक, सरळ, दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या.

ती खुर्चीत मागे टेकली. तेव्हा आठवा महिना चालू होता. मशीन दोन-दोन तासांनी थिजायला लागलं होतं. पाय सुजलेले म्हणून ते स्टुलावर ठेवून ती फोन स्पीकरवर टाकून उस्तादशी भांडत होती, आणि तो म्हणत होता, चिपसेटचं पॅड वाळलं असणार, पुढच्या आठवड्यात येतो. अण्णा तिथेच बसून शब्दकोडं सोडवत होते. पेन्सिल चालत होती. पुढच्या आठवड्यात ती हॉस्पिटलात होती, आणि तिथून तीन महिने तिच्या आईकडे. उस्ताद आला नाही. मशीनही तिच्या डोक्यातून गेलं.

सत्तरीच्या माणसाने दुकानात जाऊन माप सांगून पॅड आणलं होतं. या खोलीत दिवा ओढून घेऊन, डोळ्याला भिंग लावून बसला असणार. कुणाला सांगितलं नव्हतं. चाललं की मग सांगू, असंच ठरवलं असणार.

आणि मग दोन आठवडे तो तळहात. तापलंय गं. तापलंय का अजून?

तिने पापुद्र्याचं शेपूट नखाने धरलं आणि ओढलं. तो आवाज न करता निघून आला. खालचं पॅड ओलसर, मऊ, जसं असायला हवं तसं. क्षणभर तिला पापुद्रा कचऱ्यात टाकावासा वाटला. मग तिने तो सरळ केला, घडी न घालता कुर्त्याच्या खिशात ठेवला.

"उठली की गं ही!" सासूबाई दारातून सरळ आत आल्या. लेक खरंच उठली होती, न रडता, छताकडे बघत हात हलवत होती. सासूबाईंनी तिला उचलून खांद्यावर घेतलं, टेबलावर पसरलेले अवयव पाहिले. "अरे देवा. याचं पोट फाडलंस तू."

"शिवायचंय आता. आई, अण्णांना बोलावता?"

"ते येतील होय? परवापासून रुसलेत. मी विचारलं काय झालं, तर म्हणे काही नाही. बत्तीस वर्षं काचा घासल्या, पण त्यांच्या आरपार काही दिसेल तर शपथ."

"म्हणावं, हात स्थिर हवाय. माझा थरथरतोय."

अण्णा आले. उंबऱ्याशी थांबले, मग आत. उघड्या मशीनकडे त्यांनी पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं.

"काय झालंय त्याला?"

"पत्रा जरा उचललेला होता," ती म्हणाली. लहानपणी शाळेत खोटं बोलताना कान गरम व्हायचे, तसे झाले. "जाग्यावर नीट बसला नव्हता. साफसफाईत सरकतं मशीन, हलत असेल. तुम्ही बसवता? मध्य बरोबर यायला हवा, आणि दोन्हीकडे दाब सारखा."

अण्णांनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं. सासूबाईंनी नातीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. पत्रा दोन बोटांत धरून अण्णा वाकले आणि पॅडच्या वीतभर वर त्यांचा हात थांबला.

तो तिला वाटला त्यापेक्षा जास्त वेळ थांबला. ते खाली बघत होते. निळ्या, कोऱ्या पॅडकडे. मग त्यांनी भिंग जरा सरकवलं आणि पत्रा खाली टेकवला, फुलीशिवाय, नुसत्या नजरेने.

"स्क्रू."

तिने वाटी पुढे केली.

"हा थोडा," ते म्हणाले, "आता समोरचा थोडा. परत हा. एकदम एकाच बाजूला आवळायचं नाही. दुसरी बाजू उचलते मग." अर्ध्या-अर्ध्या आट्याने, आळीपाळीने. फ्रेममध्ये काच बसवताना असंच करत असतील. "बस्स. याच्यापुढे जोर केला तर खालची काच तडकते."

"काच नाही हो ती," सासूबाई म्हणाल्या.

"माहितीये मला," अण्णा म्हणाले.

तिने कार्ड परत बसवलं, बाजूचा पत्रा लावला, मशीन उभं केलं. पडद्यावर आकडे आले. अण्णा तिच्या खुर्चीमागे उभे राहिले, हात पाठीशी बांधून, वरच्या पत्र्याला न शिवता. दहा वाजता तिने हिशोब सुरू केला. कोपऱ्यातला एक आकडा ती रोज दुर्लक्षून जायची. आज तिला त्याचा अर्थ माहीत होता: चिपसेटचं तापमान. काल थिजण्याआधी तो एकशे एकवर गेला होता. आता त्रेपन्न. मग छप्पन्न.

"किती?" अण्णांनी विचारलं.

"छप्पन्न."

"चांगलं की वाईट?"

"चांगलं, अण्णा. खूप चांगलं."

त्यांनी मान हलवली आणि नातीला सासूबाईंकडून घेऊन ते बाहेर गेले. सासूबाई त्यांच्या मागोमाग गेल्या.

विसावं मिनिट. सत्तावन्न अंश. तिने शस्त्रक्रियागृहातली हवा टेबलावर उतरताना पाहिली, निळ्या रेषांनी. तिसावं मिनिट. अठ्ठावन्न. अडतिसावं मिनिट. नऊ तासांपैकी हीच पाच मिनिटं तिला नऊ तासांएवढी वाटायला लागली. उठू नये, पाणी पिऊ नये, पापणी हलवू नये. लहानपणी आजारी माणसाच्या खोलीत बसवलं की ती अशीच बसायची, आपल्या हलण्याने काही बिघडेल म्हणून.

एक्केचाळीस.

स्वयंपाकघरातून एक आवाज आला. लांबलचक, चर्रर्र असा. जाड कापड एका दमात फाडावं तसा. पाठोपाठ सासूबाईंचं "अहो!" आणि त्यानंतर काहीच नाही. लेकीचाही आवाज नाही.

ती धावली.

अण्णा फ्रिजपुढे उभे होते. एका कडेवर नात, दुसऱ्या हाताच्या नखाने दारावरचा धुरकट पापुद्रा वरून खाली सोलत होते. अर्धं दार सोलून झालं होतं. त्या अर्ध्या भागात, इतकी वर्षं कुणी न पाहिलेलं, आरशासारखं काळंभोर काहीतरी चमकत होतं, आणि त्यात लेकीला दुसरी एक मुलगी दिसत होती. लेक तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होती. मग तिने पंजा पसरला आणि त्या मुलीच्या गालावर आपटला.

बाबागाडी बाजूलाच होती. तिचा दांडा उघडा होता. रिमोटची पिशवी ओट्यावर रिकामी पडली होती.

"नऊ वर्षं," सासूबाई म्हणाल्या. "नऊ वर्षं मी कानीकपाळी ओरडले. आज काय अंगात आलंय यांच्या?"

"हिला तोंड दिसत नव्हतं यात," अण्णा म्हणाले. ते वळले नाहीत. त्यांनी शेवटची पट्टी खालपर्यंत ओढली, हातात गोळा झालेलं प्लास्टिक चुरगळलं आणि मग इतक्या हळू बोलले, की ते कुणाला उद्देशून होतं हे सासूबाईंना कळलं नसावं. "काढायचे असतात म्हणे काही. आधीच."

तिचा हात खिशाकडे गेला. पापुद्रा तिथेच होता. आक्रसलेला, हलका, बोटाला फुलीचं मेण लागणारा. तिने तो बाहेर काढला नाही.

"अण्णा," ती म्हणाली, "संध्याकाळी सातपर्यंत चालणार आहे ते. मधूनमधून हात लावून बघाल का? मला आकडा दिसतो, पण..."

"पण काय?"

"हातालाच नीट कळतं."

अण्णांनी नातीला सासूबाईंच्या हातात दिलं. प्लास्टिकचा गोळा डब्यात टाकला, हात धुतले, पंच्याला नीट पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मग तिच्याही पुढे, उंबऱ्यावर न थांबता, खोलीत गेले.

ती मागून पोचली तेव्हा ते मशीनच्या डोक्यावर तळहात ठेवून, डोळे मिटून उभे होते. पडद्यावर निळ्या रेषा टेबलावरून उतरून कोपऱ्याकडे वळत होत्या.

तिने घड्याळ पाहिलं. एकावन्न मिनिटं झाली होती.